मेलेला दाणा

हिऱ्याचं चाक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी अंगठी येते, मग सोनाराचं दुकान येतं, आणि मग ते हळूच विचारतात, एवढे हिरे तुमच्या तांड्यात आले कुठून? संगीता राठोडला हा प्रश्न लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यानं विचारला होता. तिचं उत्तर ठरलेलं होतं. कारखान्यात बनवलेला हिरा, मिठापेक्षा बारीक, हिरवट पिवळी भुकटी. सुरतेच्या व्यापाऱ्याकडून कुरियरनं येते. तिला कोणी चोरतसुद्धा नाही, कारण चोरून तिचं करायचं काय हे चोराला माहीत नसतं.

वणीहून राजूरकडे जाताना तांडा लागतो आणि तांड्याच्या तोंडाशीच पत्र्याची शेड. ती उभी केली तिच्या सासऱ्यानं, बाबुलालनं. पुण्याकडच्या एका कारखान्यात वीस वर्षं चाकं बनवून तो परत आला, तेव्हा भावकीला वाटलं, आता हा चार एकरांत कापूस लावेल. यानं लावली भट्टी. तांब्याच्या आणि जस्ताच्या भुकटीत हिऱ्याचा दाणा मिसळायचा, साच्यात दाबायचा, भट्टीत तापवायचा, की चाक तयार. त्या चाकावर तो कोळशाच्या खाणीतल्या पंपांचे बुश घासायचा. बुश म्हणजे आतला दांडा ज्यात फिरतो ती कडी. ती कार्बाइडची असते, इतकी कडक की साधं चाक तिच्यापुढे हात टेकतं. आणि माप असं की केसाच्या जाडीचे सत्तर भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. बाबुलाल मायक्रॉनमध्येच बोलायचा. भाकरी जाड झाली तर किती मायक्रॉननं जाड झाली तेही बायकोला सांगायचा, आणि त्याची बायको हंसाबाई त्यावर जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माप घ्यायला संगीताला त्यानंच शिकवलं. “बेटी, बुशले हाताची गरमी लागू देऊ नको, तो फुगते,” असं म्हणत त्यानं तिच्या हातात मायक्रोमीटर दिला, आणि नऊ वर्षं त्याचा एकही बुश तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय शेडबाहेर पडला नाही. त्यामुळे त्याची एक खोड तिला तोंडपाठ होती. त्याचा प्रत्येक बुश नेमका दोन मायक्रॉन मोठा निघायचा. एक नाही, तीन नाही. “बसवणाऱ्याले शेवटचा हात फिरवाले काही तं सोडा लागते,” असं तो म्हणायचा. असा हात तिनं दुसऱ्या कुणाचा पाहिला नव्हता.

तो गेल्या दिवाळीच्या आधी गेला. तरुणपणी पुण्याला नाकाला फडकं न बांधता कोरडं घासलं, ती भुकटी छातीत साचत गेली. शेवटच्या वर्षात त्याला धड उभं राहवत नव्हतं, तरी मशीन सोडलं नाही. खोकायचा आणि घासायचा. दोन आखूड खोकले, मग एक लांब ओढलेला श्वास. थुंकी जायची ती मशीनखालच्या टाकीत, जिथे चाकावरून वाहिलेलं पाणी आणि घासलेला गाळ जमतो. ती टाकी त्या वर्षभरात कुणी उपसली नाही.

मागे राहिला मुलगा भारत, संगीताचा नवरा. स्वभावाला सोन्यासारखा, पण हाताला बापाची सर नव्हती. त्याचा एक बुश सहा मायक्रॉन मोठा तर दुसरा चार लहान. खाणीकडून माल परत यायला लागला. ‘हिऱ्यापोटी गारगोटी’ असं तांड्यातले लोक त्याच्या तोंडावर हसत म्हणायचे, आणि तोही हसायचा. घरी आला की मात्र भिंतीकडे तोंड करून पडायचा. संगीताचा जीव तुटायचा, पण हात काही बायकोनं शिकवून येत नाही.

फाल्गुनात भारतनं टाकी उपसली. गाळ तेजाबात उकळला, धुतला. कार्बाइडची जड भुकटी तळाशी बसली आणि वरच्या थरातून त्यानं वाटीभर हिऱ्याचा दाणा काढला. इथवर ठीक होतं. असा वापरलेला दाणा पॉलिशवाल्यांना देतात. चाकात तो पुन्हा घालत नाहीत, कारण त्याच्या धारा मेलेल्या असतात. भारतनं तो मिसळायच्या डब्यात ओतला तेव्हा संगीतानं डब्यावर हात ठेवला.

“हे काय करून राह्यले? बापू म्हणत नव्हते का, जिता दाणा दुसऱ्याले खाते, मेला दाणा घरच्याले खाते?”

“बापूच गेले,” भारत म्हणाला. “त्यायच्या हातचा दाणा परक्याले देऊन टाकू? बाप जाळला, आता हेही फेकू?” त्याचे डोळे भरून आले होते. संगीतानं हात काढून घेतला. तिची चूक म्हणायची तर ही.

चाक झालं. पहिल्या दिवशी भारतनं बारा बुश घासले. संगीतानं पहिला मापला, दोन मायक्रॉन मोठा. दुसरा, दोन. तिसरा, दोन.  तिनं मायक्रोमीटर पुसला, शून्यावर आहे का पाहिला, आणि सगळे पुन्हा मापले. बाराच्या बारा, दोन मायक्रॉन. ती तिथेच स्टुलावर बसून रडली, आणि खरं सांगायचं तर आनंदानं रडली. सासरा म्हणजे तिचा दुसरा बापच होता.

“तुमाले माहीत हाय का काय झालं ते?” तिनं विचारलं.

“माहीत हाय,” भारत म्हणाला. “मी फक्त हँडल धरतो. फिरवते तो.”

महिनाभर घरात दिवाळी होती. माल परत येणं बंद झालं, खाणीतल्या फोरमननं स्वतः फोन करून शाबासकी दिली, आणि गारगोटीवाले लोक चहा पाजायला लागले. भारत दिवस उजाडला की शेडमध्ये जायचा. मशीनवर काचेचं झाकण होतं, ते त्यानं काढून टाकलं. चाकाजवळ तोंड नेऊन तो गोरबोलीत, म्हणजे तांड्याच्या भाषेत, बोलत बसायचा, लहानपणी बापाशी बोलायचा तसं. संगीता आत आली की गप्प व्हायचा.

मग तिनं एक दिवस चाकाचं माप घेतलं. सहज, महिना झाला म्हणून. हिऱ्याचं चाक कितीही कडक असलं तरी झिजतं. झिजायलाच हवं. वरचे दाणे गळतात, खालचे उघडे पडतात, तेव्हा कुठे ते कापतं. हे चाक पहिल्या दिवशी दीडशे मिलिमीटर होतं आणि महिन्यानंतरही दीडशेच होतं. तिनं ते चार जागी मापलं. चाकाचं तोंड उघडायला पांढरी कांडी लावतात, ती लावून पाहिली. कांडी बोटभर संपली, चाक तसंच. आणि कांडी बाजूला घेतल्यावर, मोटर बंद करून चाक थांबत आलेलं असताना, तिनं ऐकलं. दोन आखूड, एक लांब.

ती शेडबाहेर आली आणि उन्हात उभी राहिली. भर दुपारचे बारा वाजले होते, रस्त्यावरून कोळशाचे ट्रक जात होते, आणि तिच्या अंगावर काटा उभा होता.

त्या रात्री भारत आंघोळ करून आला तेव्हा तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. रोजच्या माणसाकडे आपण पाहतच नाही, हेच खरं. पँट सुतळीनं बांधलेली होती. गळ्याखाली दोन खड्डे पडले होते. ताटातली भाकरी अर्धी तशीच राहायची, हे तिला दिसत होतं, पण कामाच्या नादात आहे म्हणून तिनं कानाडोळा केला होता. दुसऱ्या दिवशी ती त्याला वणीच्या दवाखान्यात घेऊन गेली. छातीचा फोटो काढला, रक्त तपासलं. फोटो स्वच्छ, रक्त स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, दूध-अंडी खा.

संगीता डॉक्टर नव्हती, पण माप तिला कळत होतं. तिनं सहा दिवस एक हिशेब मांडला. बुश घासायच्या आधी तोलायचे आणि नंतर तोलायचे, म्हणजे त्यातून किती गेलं ते कळतं. संध्याकाळी टाकीतला सगळा गाळ काढून तव्यावर कोरडा करायचा आणि तोही तोलायचा. दोन्ही आकडे बरोबर यायला हवेत, कारण चाक तर झिजत नव्हतं. पहिल्या दिवशी बुशांमधून गेलं दोनशे चाळीस ग्रॅम. गाळ निघाला सहाशे. तिनं काटा बदलला, पुन्हा तोललं. सहाशेच. तीनशे साठ ग्रॅम कुठूनतरी आले होते.

रोज सकाळी ती भारतला भंगार तोलायच्या काट्यावर उभं करायची. डॉक्टरनं सांगितलंय, असं म्हणायची. सहाव्या दिवशी तिनं गाळातला जास्तीचा आकडा जमवला, दोन किलो दीडशे ग्रॅम. मग भारतच्या वजनातली घट काढली. दोन किलो दीडशे ग्रॅम.  कोरडा गाळ वाटीत समोरच होता, करडा आणि मऊ, आणि तिला त्याला हात लावायची हिंमत होईना.

तिनं भारतला सगळं सांगितलं. आकडे दाखवले. 

“तो तुमाले खाऊन राह्यला,” ती म्हणाली. “त्याले कळत नाही, पण खाऊन राह्यला. चाक काढा.”

“मले माहीत हाय.”

“काय माहीत हाय?”

“आतून काहीतरी जाते म्हणून. दुखत नाही. हलकं वाटते.” तो हसला. “जिता होता तवा एक डाव तरी माह्या पाठीवर हात ठेवला का त्यानं? आता दिवसभर हात धरून शिकवते. मी कायले सोडू त्याले?”

“अन् मी? अन् याडी?”

याडी म्हणजे आई. आईचं नाव काढल्यावर त्याचा चेहरा क्षणभर हलला. मग तो उठला आणि शेडकडे गेला, आणि थोड्या वेळानं मशीनचा आवाज सुरू झाला. संगीता तिथेच बसून राहिली. आज सकाळी त्याचं वजन चौपन्न किलो भरलं होतं. त्याच्या वयाच्या माणसाचं किती खाली जाऊ शकतं, याचा हिशेब तिनं मनात केला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

हंसाबाई अंगणात चिंचा सोलत होती. संगीतानं तिच्यापुढे बसून सुरुवातीपासून सांगितलं. वाटलं होतं, म्हातारी ओरडेल, देवाचं नाव घेईल, नाहीतर सुनेला वेडी ठरवेल. ती चिंचा सोलत राहिली.

“मी रोज दुपारी खोकला आयकते,” ती म्हणाली. “चाळीस वर्सं आयकला तो. मले कोन सांगन का तो कोनाचा हाय?”

“मग बोलल्या काहून नाही?”

“बरं वाटे नं, बाई.” हंसाबाईनं पदरानं नाक पुसलं. “घरात माणूस असल्यासारखं वाटे. मले नव्हतं माहीत का तो लेकराले खाऊन राह्यला.” मग तिनं विचारलं, “ते चाक फोडता येते का?”

फोडून काय होणार होतं? तुकडे राहिले असते, आणि भारतनं तुकड्यांतून दाणा पुन्हा काढला असता. चाक पुरलं असतं तर खणून काढलं असतं. पण जगात एक वस्तू हिऱ्याला संपवते, आणि ती कोणती हे बाबुलालनंच संगीताला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. हिऱ्याच्या चाकावर लोखंड लावायचं नाही. कार्बाइड लाव, काच लाव, दगड लाव. लोखंड गरम झालं की हिरा त्यात विरघळतो, दाणा मागे उरत नाही, गाळातही सापडत नाही. शेडमध्ये एक पोरगा कामाला होता, त्यानं एकदा गंमत म्हणून चाकावर खिळा धरला होता, तर बाबुलालनं त्याच दिवशी त्याला घरी पाठवलं होतं.

“लोखंड लावा लागन,” संगीता म्हणाली.

हंसाबाईनं सूप बाजूला ठेवलं. “मी भारतले कळंबले नेते. चिंतामणीचा नवस हाय म्हणून सांगते. तू उरक.” आणि उठता उठता म्हणाली, “त्याले दुखू देऊ नको.”

आईपुढे भारतचं काही चाललं नाही. बुधवारी सकाळच्या एसटीनं दोघं गेले. जाताना भारत शेडच्या दारात उभा राहून आत पाहत होता, आणि हंसाबाईनं त्याला मनगट धरून ओढत नेलं. मनगट तिच्या मुठीत पुरं मावलं.

संगीतानं दार आतून लावलं. ओला रुमाल नाकातोंडावर बांधला. बुशच्या जागी, दोन टोकांच्या मध्ये, लोखंडाची सळई बसवली. पाणी बंद ठेवलं, कारण तिला गरमीच हवी होती. मोटर चालू केली, आणि हँडलवर हात ठेवून म्हणाली, “बापू, माफ करा.”

हँडल फिरेना. इतके दिवस भारत म्हणायचा ना, फिरवते तो. आता तो फिरवत नव्हता. संगीतानं दोन्ही हातांनी धरलं, पाय मशीनच्या बुडाला टेकवला आणि रेटलं. चाक लोखंडाला लागलं.

किंकाळी उठली. मेकॅनिक म्हणेल, पितळी चाकाला मऊ लोखंड लागलं की असाच आवाज येतो, आणि ते खोटं नाही. सळई लाल झाली. जळका वास सुटला. संगीतानं सळई बाजूला घेतली, पांढरी कांडी लावली, आणि आज पहिल्यांदा कांडीनं चाकाचं पितळ खाल्लं. तिनं माप घेतलं. अर्धा मिलिमीटर गेला होता. अजून साडेचार मिलिमीटरचा थर उरला होता, मग खालची साधी तबकडी. लोखंड दाणे खात होतं, कांडी पितळ खात होती. आळीपाळीनं दोन्ही लावत राहायचं, एवढंच काम होतं.

दुसऱ्या सळईला खोकला सुरू झाला. दोन आखूड, एक लांब. मोटर पूर्ण वेगात असताना, त्या सगळ्या किंकाळीच्या वर. तिसऱ्या सळईला तो बोलायला लागला. “बेटी,” तो म्हणाला. तेवढंच, माप चुकलं की म्हणायचा त्याच सुरात. संगीताच्या डोळ्यांना धारा लागल्या. रुमालाच्या आत तिला श्वास पुरेना, पण तिनं हँडल सोडलं नाही. याच माणसानं तिला, सातवी शिकलेल्या सुनेला, भावकीची बोलणी खाऊन शेडमध्ये आणलं होतं. दुसरा कुणी असता तर तिला इतकं जड गेलं नसतं.

टेबलावर फोन थरथरायला लागला. हंसाबाईचा होता. तो वाजून बंद झाला, पुन्हा वाजला. तिनं घेतला नाही.

चौथ्या सळईला त्यानं तिला हाक मारणं सोडलं. तो भारतला बोलवायला लागला. आधी मोठ्यानं, शेताच्या एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर मारतात तशी हाक. “भारत.” मग जवळून. मग असा आवाज की अंधारात चाचपडणाऱ्या म्हाताऱ्यानं पोराला हात द्यायला बोलवावं. “भारत. भारत. तू कुठी गेला रे?” त्याला काहीच कळलेलं नव्हतं. आपण मेलो हे नाही, आपण काय खात होतो हे नाही. त्याला फक्त एवढंच कळत होतं की इतके दिवस धरलेला हात आज नाही. संगीता घशातून ओरडत होती, काय ओरडत होती तिला ठाऊक नाही, आणि रेटत होती. शेवटचा दाणा जाईपर्यंत तो हाक मारत होता. मग तबकडी लोखंडावर नुसती घासली, आणि मशीनचा साधा, रोजचा आवाज येऊ लागला.

तिनं मोटर बंद केली तेव्हा तीन वाजले होते. तिच्या तळहाताची सालं निघाली होती.

दिवस मावळताना दोघं परतले. हंसाबाईनं दारातूनच संगीताकडे पाहिलं आणि चूल पेटवायला गेली. भारत सरळ शेडमध्ये गेला. संगीता त्याच्यामागे गेली. तो मशीनपुढे उभा होता, बोटांनी तबकडीची कड चाचपत. कड गुळगुळीत होती. टाकीजवळ वाकून त्यानं गाळ चिमटीत घेतला, उजेडाकडे धरला, बोटांत चोळला. नुसतं लोखंड आणि पितळ.

“लोखंड लावलं तुनं,” तो म्हणाला.

“लावलं.”

ती वाट पाहत होती. मारलं तर मारू दे, असंच तिनं ठरवलं होतं. भारत स्टुलावर बसला.

“आमी देवळाच्या पायऱ्यायवर होतो,” तो म्हणाला. “बापूची हाक आयकू आली. मी पळालो तं याडीनं माह्या पायाले मिठी मारली. लोकं जमले. मले सांग, संगीता. खरं सांग. त्यानं मले बोलावलं नं?”

त्याचे डोळे टाकीकडे होते. हो म्हटलं तर हा माणूस उरलेला जन्म त्या गाळात हात घालून बसेल, हे तिला दिसत होतं.

“नाही,” ती म्हणाली. “एक डाव नाही बोलावलं. बापू म्हणे, पोराले सांग, हात बसला त्याचा. आता मी जातो.”

“असं म्हणे?”

“असंच म्हणे.”

“रडला का?”

“हासून राह्यले होते.”

भारतनं तोंड ओंजळीत घेतलं. बाप गेला त्या दिवसापासून तो रडला नव्हता, तो आता रडला, मोठ्यानं, खांदे हलवून, लहान पोरासारखा. संगीता त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली, आणि हाताखाली एक एक बरगडी मोजता येत होती. बऱ्याच वेळानं त्यानं नाक पुसलं आणि म्हणाला, “भाकरी झाली का? भूक लागली.”

त्यानं चार भाकरी खाल्ल्या. हंसाबाई वाढत होती आणि पदराआड तोंड करत होती. संगीता चुलीपुढे बसून पाचवी थापत होती. तिच्या कानांत तो म्हातारा अजूनही पोराला हाका मारत होता, आणि तिनं मान वर न करता विचारलं, “अजून टाकू का?”